भरलेला रांजण

ती घटना आठवली की आजही मला आधी तो रांजण दिसतो. नागपूरच्या एका ठाण्यात मी तेव्हा महिला शिपाई होते. बायकांचे जबाब घ्यायचे, बायकांची झडती घ्यायची, एवढंच आमचं काम.

एप्रिल महिना होता. एका देवळातून देवीची वीतभर दगडी मूर्ती नाहीशी झाल्याची फिर्याद आली. पंचनाम्यात लिहिलं, कुलूप शाबूत, दागिने जागच्या जागी. आता दागिने सोडून दगड नेणारा हा कसला चोर? पण दुपारी खबऱ्याने शेजारच्या बौद्ध वस्तीतल्या एका तरुणाचं नाव दिलं. तो खापरखेड्याला वीज केंद्रात कामाला होता. आठवड्यापूर्वी पानठेल्यावर म्हणाला होता, "तुमची देवी एवढी जागृत हाये, मंग वस्तीतली लेकरं काहून मरून राहिली?" एवढ्यावर त्याला उचललं.

"मूर्ती कुठं टाकली?" ठाणेदारांनी विचारलं.

"साहेब, मी जिले मानतच नाही, तिले घरी नेऊन काय करू?"

त्याला दोन थपडा बसल्या. त्याची आई बाहेर बाकावर होती, तिला आवाज ऐकू गेला. आरतीपर्यंत मूर्ती मिळाली नाही तर आम्हीच त्या वस्तीत शिरतो, असं देवळाची मंडळी बजावून गेली होती.

किल्ल्या दोनच. एक पुजाऱ्याकडे, त्याची चौकशी झाली होती. दुसरी गाभारा धुणाऱ्या बाईकडे, तिचा जबाब घ्यायला मला पाठवलं. तिची सात वर्षांची मुलगी छाती भरून मोठ्या दवाखान्यात होती. मी पाणी मागितलं, तर ती लोटा घेऊन शेजारणीकडे गेली. दारातच रांजण काठोकाठ भरलेला, झाकणावर पाटा ठेवलेला.

माझ्या वडिलांना विषमज्वर झाला तेव्हा आईने आमचे देव असेच पाण्यात ठेवले होते. माणूस बरा होईस्तोवर देवाची सुटका नाही.

मी हळूच विचारलं, "कधीपासून ठेवली वं पाण्यात?"

तिने आणलेला लोटा खाली ठेवला. "काल रातीपासून."

"काहून?"

"माह्या पोरीले श्वास घेता येत नाही. मंग हिनं काहून घ्यावा?"

"तिकडं एक माणूस विनाकारण मार खाऊन राहिला. काढ तिला."

"काढली अन् पोरगी गेली, मंग तुमी आणून देसान?"

अंगावर वर्दी होती, पण रांजणात हात घालायचा मला धीर होईना. ठाणेदारांना सांगितलं असतं तर शिपायांनी येऊन रांजण फोडला असता. मी ठाण्यात गेले आणि बाकावरच्या त्या आईलाच घेऊन आले. नियमात हे बसत नव्हतं. वाटेत तिला सगळं सांगितलं. आता ही तिच्या झिंज्या उपटते, असं मला वाटलं होतं.

तिने रांजणाकडे बघितलं. "पोरीपाशी कोण हाये?"

"सासू."

"अन् तू इथं दगडाची राखण करून राहिली? माहा मोठा पोरगा तापात गेला, तवा मी नवस बोलाले गेली होती. धम्म घ्यायच्या आधीची गोष्ट हाये. परत आली तं हात थंड. दुःख काहून येते, मले नाही समजत. आता बुद्धापुढं मेणबत्ती लावतो, मागत काही नाही. दुखणं आलं का जवळ बसावं, एवढं समजलं. जाय वं, पोरीपाशी जाय."

बाई रांजणापाशी गेली. मग पाटा उचलला, मूर्ती काढली, पदराने पुसून माझ्या हातात दिली आणि दवाखान्याकडे निघाली.

मूर्ती देवळामागे सापडली, असं मी ठाण्यात सांगितलं. आरती वेळेवर झाली. तरुण सुटला. पाचव्या दिवशी मुलगी गेली.

त्या गल्लीतून जायचं मी कितीतरी दिवस टाळलं. देवी बाहेर काढायला लावणारी मीच ना? एकदा त्याच बाईने बाजारात मला अडवलं. "तोंड काहून लपवता, बाई? पोरगी कोणं नेली ते मी तुमाले नाही विचारत. जाताना तिचा हात माह्या हातात होता."

पुढे नोकरीत कितीतरी घरांत मरणाची बातमी घेऊन गेले. आमच्याच वाट्याला काहून, असं लोक विचारत. कोणी मागच्या जन्माचं पाप म्हणे, कोणी देवीचा कोप. मी जरा वेळ जवळ बसत असे.

त्या मुलीचं दुखणं कुठून आलं, मला अजून सांगता येणार नाही. त्या तरुणाच्या गालावरचे वळ कुठून आले, ते मात्र मला त्याच दिवशी माहीत होतं. माफी मागायला ठाण्यातून कोणी गेलं नाही. त्याचं घर माझ्या वाटेवर होतं, तरी मीही गेले नाही.