बाबूचा टाका

माझे भासरे माझ्याशी खांबामार्फत बोलत. आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोने नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्यांच्याशी थेट बोलायचे नाही, वस्तू हातातून हातात द्यायची नाही. मी चहाचा कप खाली ठेवून मागे सरायची. ते छपरीतल्या लाकडी खांबाकडे पाहून म्हणायचे, "खांबा, आज साखरेचा उपास आहे का गा?" मी साखर आणून ठेवायची. मी मुळातच कमी बोलणारी, मला तो खांब सोयीचा वाटे.

मोहाडीत त्यांचे पंपांच्या जळक्या मोटारी नव्याने तार गुंडाळून बांधायचे दुकान होते. जाऊबाई लवकर गेल्या, म्हणून त्यांचे जेवण आमच्याकडेच. उरलेले काम ते घरी आणत आणि छपरीतल्या टेबलावर तारा जोडायला वितळत्या सोल्डरचे टाके मारत बसत. टाका मारताना त्यांचा श्वास थांबे. गरम टाक्याची तार हलवायची नाही, त्यावर फुंकर घालायची नाही, हा त्यांचा नियम. आपोआप निवला तर टाका चांदीसारखा चमकतो. फुंकला तर मळकट, दाणेदार होतो आणि आतून कच्चा राहतो. "त्याले त्याच्या वेळेनं थंड होऊ द्या," ते म्हणायचे.

त्यांचा एकुलता मुलगा बाबू नेमका उलटा. नागपूरला शिकायला गेला आणि रिमोटच्या गाड्यांच्या नादी लागला. सुट्टीत आला की बापाच्याच टेबलावर गाडी उघडी करून बसे, आणि प्रत्येक टाका मारला की फूफू करून फुंके.

"चूल पेटवून राहिला का बे?" भासरे ओरडत.

"तुमच्यासारखा बसलो तं गाडी दिवाळीले पळन, बाबा."

मी पदराआड हसायची.

बाबू नागपूरलाच तापाने गेला. त्याची गादी, पुस्तके आणि ती गाडी खोक्यात भरून घरी आली. भासऱ्यांना रडताना आम्ही पाहिले नाही. फक्त दारासमोर कोणाची मोटारसायकल थांबली की घास हातातच राही आणि मान वर होई. मग म्हणत, "खांबा, थोडा भात झाकून ठेव." मी झाकून ठेवी. कोणासाठी, हे घरात कोणी विचारले नाही. सकाळी तो भात मी गाईला घाली.

यंदा उन्हाळ्यात गाडीची बॅटरी फुगलेली दिसली. माझ्या नवऱ्याने नागपूरहून नवी आणली, पण तिच्या तारांना पिवळा प्लग होता आणि गाडीच्या तारांना लाल. नवरा म्हणाला, "गाडीचा लाल कापा अन् पिवळा लावा. सोपं आहे." भासऱ्यांनी मान हलवली. गाडीचा लाल प्लग बाबूने लावला होता. तो तसाच ठेवून त्यांनी बॅटरीचा पिवळा कापला आणि तिला लाल लावायला घेतला.

तोवर नवरा बाजारात गेला. एका हातात तापलेली सळई, दुसऱ्यात सोल्डर, तार धरायला भासऱ्यांना तिसरा हात नव्हता. "खांबा, तार धराले कोणी आहे का गा?"

मी कपडे वाळत घालायच्या चिमट्यात तार धरून उभी राहिले. लाल प्लगचे दोन भाग असतात, एकाची टोके उघडी, दुसऱ्याची आत झाकलेली. झाकलेला त्यांनी बॅटरीसाठी निवडला. "ज्याच्यात जीव आहे, त्याचं तोंड झाकलेलं पाहिजे. उघडं ठेवलं तं कशालेही लागून पेटते." गाडीच्या तारांशी जुळवून लाल तार लालच्या जागी, काळी काळ्याच्या जागी लागली.

मग त्यांनी भिंग घेऊन गाडीचा प्लग पाहिला. बाबूचा टाका मळकट होता. तार जरा ओढली तर आत हलली. त्यांनी भिंग खाली ठेवले, पुन्हा उचलले आणि तोच टाका पुन्हा पाहिला.

नवरा परत आला, त्याने पाहिले. "राहू द्या ना दादा. पोराच्या हातचा आहे. चालवते कोण आता?"

"ठेवला तं गाडी चालत नाही. तापवला तं त्याच्या हातची खूण जाते," भासरे म्हणाले. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. मग म्हणाले, "बंद गाडी ठेवून काय करू, सांग?"

भासऱ्यांनी मला तार धरायची खूण केली. जुने सोल्डर खरवडून काढायची त्यांची रीत होती, ते त्यांनी काढले नाही. त्यावरच नवा थेंब सोडला. बाबूचा मळकट दाणा वितळला आणि नव्यात मिसळून गेला. सोल्डरमधल्या राळेचा धूर उठला. एरवी ते तोंड फिरवत, त्या दिवशी धुरातच बसून राहिले.

"आता त्याचं कोणतं अन् माझं कोणतं, मलेही नाही सांगता येत," ते म्हणाले.

टाका निवल्यावर त्यांनी रिमोट सुरू केला आणि बॅटरी जोडली. कोणी काही दाबले नव्हते, तरी पुढची दोन्ही चाके एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झटकली. करंट आला की चाके अशी झटकतात, हे जन्मभर मोटारी बांधणाऱ्या माणसाला कळत नव्हते असे नाही. पण ते खुर्चीतून अर्धे उठले. म्हणाले, "आला का रे?"

त्यानंतर रोज संध्याकाळी ते बॅटरी जोडत, चाके झटकलेली पाहत आणि काढून ठेवत. गाडी त्यांनी एकदाही पळवली नाही. पावसाळ्यात धानाची रोवणी संपता संपता तेही गेले.

गाडी कपाटावर आहे. बॅटरी कशाला लागून पेटू नये म्हणून मी वेगळ्या मडक्यात ठेवली आहे. जोडली तर चाके हलणार, हे मला माहीत आहे. पण मग दोघांसाठी भात झाकून ठेवावा लागेल, म्हणून मी जोडत नाही.