एकही ठोकळा हलणार नाही

काँक्रीटच्या ठोकळ्यांवर जीव लावणारा माणूस अख्ख्या नागपुरात एकच आहे आणि तो माझा साडू आहे. हायवेवर पुलाचं काम निघालं की धावत्या गाड्या आणि कामगार यांच्यामध्ये कमरेएवढे, खाली रुंद नि वर निमुळते ठोकळे रांगेनं मांडतात. साइटवर त्यांना बॅरियर म्हणतात. तुम्ही-आम्ही ते पाहून न पाहिल्यासारखं करतो. कुणी त्यांच्यावर खर्ऱ्याची पिचकारी मारतं, कुणी कोचिंग क्लासची जाहिरात चिकटवतं. साडू मात्र त्यांच्या पाठीवरून हात फिरवतात, शेतकऱ्यानं बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. ते रस्त्याच्या एका कंत्राटदाराकडे सुरक्षेचं काम पाहतात. आजवर मांडलेले ठोकळे एकापुढे एक ठेवले तर आपण काशीला जाऊन परत येऊ, असं ते सांगतात. आणि वाटेत कुठेही फट सापडणार नाही, हेही वर सांगतात.

त्यांच्या स्कूटरवर मागे बसणं हे एक व्रतच आहे. मागच्या दिवाळीत आम्ही बेसाहून जुन्या शहरातल्या महाल भागात चिवड्याचे पोहे आणायला निघालो, आणि पोचलो तेव्हा दुकानदार जेवायला गेला होता. कारण वाटेत कुणा दुसऱ्याच कंत्राटदाराचं काम लागलं. साडू उतरले, रांगेतल्या पहिल्या ठोकळ्यासमोर उभे राहिले आणि तिथल्या अनोळखी सुपरवायझरला म्हणाले, "काहून गा, पयला ठोकळा सरळ येणाऱ्याच्या छातीवर ठेवला? गाडी आली तर काय त्याले नमस्कार करन? रांगेचं तोंड बाजूले वळव, समोर रेतीचे ड्रम ठेव." मग एकेक ठोकळा पुढच्याशी लोखंडी पिनेनं जोडलाय का, हे वाकून पाहणं सुरू झालं. तीन पिना नव्हत्या. "हात धरले तर ही भिंत हाये. सुटले तर नुसते रस्त्यातले दगड," असं त्या बिचाऱ्याला ऐकवून, पिना लागेपर्यंत साडू तिथेच उन्हात उभे राहिले. पोहे शेवटी आम्ही घराजवळच्या दुकानातून घेतले आणि बायकांना महालातले म्हणून सांगितले.

घरीही तेच. जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या एकमेकींना खेटून हव्यात. गणपतीच्या आरतीला माणसं विरळ उभी राहिली तर साडू टाळ्या थांबवून म्हणतात, "जवळ या, जवळ या, मधात जागा नको." माझी मोठी मेहुणी, म्हणजे त्यांची बायको, कुणी संसाराबद्दल विचारलं की शांतपणे सांगते, "मले सवत हाये बाई, पण काँक्रीटची."

या वेडाला मी इतरांसारखा हसत आलो, पण एका मे महिन्यापासून जरा जपून हसतो. नागपूरचा मे काय असतो ते नागपूरकराला सांगायला नको. साइटवर झाड नाही, म्हणून मजूर दुपारचा डबा ठोकळ्याच्या सावलीत, त्यालाच पाठ टेकून खात. साडू रोज त्यांना उठवत. धक्का बसला की ठोकळा मागे सरकतो, त्याला ती जागा मोकळी लागते, हे त्यांनी हात जोडून सांगितलं, ओरडून सांगितलं, शिव्या देऊनही सांगितलं. "सावली कुठं हाये साहेब?" एका बाईनं विचारलं. दुसऱ्या दिवशी साडू स्वतःच्या गच्चीवरची हिरवी जाळी आणि चार बांबू घेऊन आले, ठोकळ्यांपासून लांब मांडव घातला आणि मध्ये चुन्याची रेघ मारली. आठवड्याभरात, ऐन जेवणाच्या वेळी, रेती वाहणाऱ्या एका टिप्परनं रांगेला घासून धडक दिली. ठोकळे दीड हात आत सरकले आणि पिनांमुळे तिथेच थांबले. मांडवाखाली कुणाच्या हातातली भाकरीसुद्धा खाली पडली नाही. मी संध्याकाळी फोन केला तर साडू म्हणाले, "काही नाही झालं गा," आणि पिना तपासायच्या आहेत म्हणून फोन ठेवला.

अशा माणसाच्या एकुलत्या एक मुलीचं लग्न ठरलं. लॉन वर्षभर आधी बुक केलं होतं, वर्धेकडून शहरात येणाऱ्या रस्त्याला लागून. नशीब असं की मधल्या काळात तिथेच पुलाचं काम निघालं आणि ते साडूंच्याच कंत्राटदाराला मिळालं. वराकडची मंडळी वर्धेची; त्यांच्या उतरण्याचा जानोसा रस्त्याच्या बरोब्बर पलीकडे होता. लॉनच्या दारातून नवरदेवाचा फेटा दिसत होता. पण मध्ये साडूंनी स्वतःच्या हातानं मांडलेली ठोकळ्यांची रांग, आणि वळायला जागा दीड किलोमीटरवर.

मुलीचा बाप म्हणून साडू तोवर लोण्यासारखे मऊ वागले होते. व्याह्यांनी जिलबी साजूक तुपातली मागितली, दिली. मठ्ठा थंडगार हवा, पण बर्फ घालायचा नाही म्हणाले, तेही कसंबसं जमवलं. लग्नाच्या सकाळी मात्र व्याही जानोशाच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "वरात फिरून येणार नाही. एक ठोकळा काढा. क्रेन तुमची, ड्रायव्हर तुमचा. धा मिनिटाचं काम हाये."

"व्याहीबुवा, दुसरं काही मागा," साडू हात जोडून म्हणाले. "पाया पडतो तुमच्या. पण एक काढला का बाजूचे दोन उघडे पडते. गाडी त्याच्यावर आली तर आतमधले माणसं जाते. आन एकदा वाट दिसली का मंग सारा गाव तिकूनच घुसते."

"मंग वरात इथंच राहते," व्याही म्हणाले. त्यांनी पायातले बूटही काढून ठेवले.

मुहूर्ताला पाऊण तास होता. मेहुणी रडायला लागली. मी साडूंना बाजूला घेतलं आणि म्हणालो, आजचा एक दिवस डोळेझाक करा. ते माझ्याकडे असे बघत राहिले की मला माझीच लाज वाटली. "माह्या पोरीच्या लग्नासाठी काढू? अन् दुसऱ्याच्या पोरीच्या लग्नाले काय सांगू?" माघार घ्यायची नव्हती, पण मुलीचं काय होईल या भीतीनं त्यांचा चेहरा पार उतरला होता. मला वाटलं, मोडलं हे लग्न.

ते वाचवलं मुलीनं. तिनं हिरव्या चुड्याच्या हातानं फोन उचलला आणि नवरदेवाला सांगितलं, "बाबा नाही काढणार. मी जन्मापासून पाहून राहिली त्यांना. तुम्ही फिरून या, मी थांबते." मुलगा शहाणा निघाला. बापाला न विचारता घोडीवर बसला. पोरगा निघाला म्हटल्यावर बापाला बूट घालावेच लागले.

ती वरात ज्यांनी पाहिली ते अजून सांगतात. पुढे बँड, मागे घोडी, आणि सगळ्यांच्या पुढे रेशमी कुर्त्यावर चमकणारं जॅकेट चढवलेले वधूपिता, हातात लाल झेंडी घेऊन गाड्या थांबवताहेत! नाचणाऱ्या पोरांना ते दर शंभर पावलांवर "कडेनं नाचा, कडेनं!" असं ओरडून सांगत होते. मुहूर्त टळला, गुरुजींनी दुसरा काढला. व्याही घामाघूम होऊन पोचले आणि मठ्ठ्याचा तिसरा पेला बर्फ घालून मागितला.

चार वाजता पाठवणी झाली. साडू दारात रडलेसुद्धा नाहीत; ड्रायव्हरला कुठून वळायचं ते समजावण्यातच गुंतले होते. गाडी शहराच्या दिशेनं गेली, माणसं आत वळली. साडू मात्र रस्त्याच्या कडेला उभेच. मी त्यांना न्यायला गेलो तर म्हणाले, "थांब." पाच-सात मिनिटं गेली. मग ठोकळ्यांच्या पलीकडून, वर्धेच्या वाटेनं, फुलांची गाडी हळूहळू येताना दिसली. वळून आली होती ती. खिडकीची काच खाली झाली आणि हिरव्या बांगड्यांचा हात बाहेर आला. साडूंनी दोन्ही हात उंच केले, आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत ते खाली घेतले नाहीत.

मग इतका वेळ आवरलेलं रडू त्यांना आलं. मलाही आलं. कुर्त्याच्या बाहीनं डोळे पुसत ते म्हणाले, "दोनदा पाह्यले भेटली ना गा पोरगी."