ठमाबाईचा चर

बेलपाड्याच्या ठमाबाईचं अर्धं आयुष्य मिठागरात चिखल तुडवण्यात गेलं. मग मिठागर नव्या रेल्वेलाइनच्या भरावाखाली गेलं आणि मोबदला म्हणून तिला त्याच लाइनवर रूळ सांभाळणाऱ्या गँगमध्ये नोकरी मिळाली. डोक्यावर मिठाऐवजी खडीची पाटी आली, एवढाच काय तो विकास.

दोन वर्षं गाड्या सावकाश धावल्या. त्र्याण्णव साली वरून हुकूम आला, आता ताशी शंभर. महिन्याभरात, भरावाखालून पाणी जायला ठेवलेल्या मोरीजवळच्या पट्ट्यात खडीतून करडा चिखल वर यायला लागला, तोही ऐन फेब्रुवारीत.

अविनाश कर्णिक हे तिथले तरुण इंजिनियर. ते म्हणाले, "पाऊस नाही, तर पाणी कुठून येणार? खडी मळली आहे. वरून नवी टाका."

"सायेब, पानी खालीच कोंडलंय," ठमाबाई म्हणाली. "भराव टाकताना ठेकेदारानं मोरी बुजवली. भरतीचं पानी भरावात शिरतं, निघत नाय. गाडी जोरात गेली का रुळाखालचा स्लीपर दबतो, मंग उचलतो. पायानं तुडवल्यावानी बारीक चिखल वर येतो. त्यानं खडीच्या फटी बुजल्या का पानी आनखीच कोंडतं."

"तुम्ही मृदाशास्त्र शिकलात का, ठमाबाई?"

"नाय सायेब. तुडवलंय."

नवी खडी पडली. पंधरा दिवसांत तीही करडी झाली. तेवढ्यात वरिष्ठांची पाहणी ठरली, म्हणून कर्णिकसाहेबांनी खडीला चुना मारायला सांगितला. दोन दिवस गँगमधल्या बायका दगड रंगवत बसल्या.

पाहणीला मोठे साहेब पांढराशुभ्र सफारी घालून रुळाकडेला उभे राहिले. चाचणीची गाडी सुसाट आली. स्लीपर दबले, उसळले, आणि चुना मारलेल्या दगडांच्या फटीतून उडालेली चिळकांडी थेट साहेबांच्या छातीवर गेली. कुणीही हसलं नाही. गँगमधल्या गुणाबाईला तेवढी खोकल्याची उबळ आली.

त्याच दिवशी तिथं ताशी वीसची पाटी लागली आणि समिती नेमली गेली. समिती तीनदा आली, तीनदा चहा पिऊन गेली. ठमाबाईला काही ते बघवेना. सुट्टीच्या दिवशी गुणाबाई आणि आणखी चौघींना घेऊन तिनं बुजलेली मोरी उकरली, भरावाच्या पायथ्याशी खाडीपर्यंत चर खणला. काळं, कुबट पाणी तीन दिवस वाहत होतं. मग गँगनं मळकी खडी काढून स्वच्छ भरली आणि चिखल थांबला.

समितीनं अहवाल दिला: जमीन नैसर्गिकरीत्या स्थिरावली आहे. कर्णिकसाहेबांना बढती मिळाली. ठमाबाईला विनापरवाना खोदकामाबद्दल मेमो आला. नवऱ्यानं, कमळाकरनं, तो वाचून दाखवला.

"मोरी परत बुजवा, असं लिवलंय का?" तिनं विचारलं.

"नाय."

"मंग ठेव तो फळीवर."

पुढं कुठंही खडीतून चिखल वर आला की कर्णिकसाहेब जीप पाठवून तिला बोलावून घ्यायचे. कागदावर मात्र निवृत्तीपर्यंत तिचं काम 'खडी उचलणे' असंच राहिलं.