फादरांना आणायला

रविवारी पुणं सोडलं ते फादरांना कायमचं घेऊन यायला. मूळचे बेल्जियमचे, धर्मप्रसारासाठी आलेले, आणि लिंगायतांच्या चालीरीतींचा अभ्यास करता करता अक्कलकोटजवळच्या एका खेड्यात म्हातारे झालेले. कॉलेजात त्यांनीच मला शिकवलं. आता नजर अधू, गुडघे गेलेले. पुण्यात वृद्ध धर्मगुरूंच्या निवासात खोली मिळाली होती आणि फोनवर ते ‘येतो’ म्हणाले होते.

तिकडं जाणार असाल तर सोलापूरपर्यंत रेल्वे, पुढं एसटी तासाभरात अक्कलकोटला सोडते. स्टँडबाहेर कडक भाकरी-शेंगाचटणी खाऊनच घ्या, कारण खेड्याकडं जाणारं वडाप, म्हणजे जीप, माणसं कोंबून भरल्याशिवाय हलत नाही.

फादर बॅग भरून ओट्यावर बसले होते. चहा घेताना म्हणाले, “चर्चवाले म्हणतात, मी हिंदू झालो. गाव म्हणतं, पाद्री. इतकी वर्षं सगळ्यांच्या दारात बसलो गं, घरचा कुणाचाच झालो नाही.” मला फार वाईट वाटलं.

शेजारच्या मल्लव्वा त्यांना रोज भाकरी द्यायच्या. पुण्याला न्यायला वांगी देते म्हणून त्यांनी मला शेतात नेलं. बांधाजवळ त्यांच्या नवऱ्याची समाधी होती. लिंगायत माणसाला बसवून पुरतात, हे मला फादरांनीच शिकवलेलं. समाधीशेजारी थोडी जमीन न नांगरता सोडली होती.

“ही कुणासाठी?”

“अज्जांसाठी.” गावात फादरांना सगळे अज्जा, म्हणजे आजोबा म्हणतात. “आमच्यात बसवत्यात, त्यांच्यात झोपवत्यात म्हनं. म्हून त्यांच्या उंचीएवढी लांब धरलीया. पोरांनाबी सांगून ठेवलंय, हितं नांगर घालायचा न्हाय.”

“त्यांना सांगितलंत?”

“जित्या माणसाला असं सांगत्यात व्हय?”

मी मात्र सांगितलं. फादरांनी विचारलं, “मालकांच्या कुठल्या बाजूला?”

“उजव्या.”

त्यांनी बॅगेतून टॉवेल काढून दोरीवर टाकला. मग एकेक करून सगळंच बाहेर काढलं. “वांगी तू एकटीच ने,” म्हणाले.

परतताना त्यांच्या रिकाम्या सीटवर वांग्यांची पिशवी ठेवली आणि निवासाला फोन करून कळवलं, फादर येत नाहीत.

घरी येऊन कुलूप काढलं, एकटीपुरतं भरीत केलं. भरीत झकास झालं. पण खाताना मला फादरांचा हेवा वाटला, सरळ सांगते. माझी उंची किती, हे पुण्यात एकालाही ठाऊक नसेल.