सेलिनची पाचवी गोळी

शाळेच्या स्मरणिकेत माझ्या धाकट्या बहिणीवर अख्खं पान छापलंय. ‘शांत, मायाळू आणि शिस्तप्रिय.’ शिस्तप्रिय ठीक आहे. पण शांत? सेलिन तुस्कानो आणि शांत? ज्याने हे लिहिलं त्याने तिला एकदाही भांडताना ऐकलेलं नाही, एवढंच मी म्हणेन. पुढे ती मुख्याध्यापिका झाली, बक्षिसं मिळाली, हारतुरे झाले, ते सगळं त्या पानात आहे. निशाणबाजीचं मात्र एक अक्षर नाही! म्हणून मी, थेरेसा, तिची मोठी बहीण, सांगायला बसलेय. मध्ये कोणी बोलू नका.

आमची वाडी वसईजवळ गिरीजला. राजेळी केळी, नारळ, खाली थोडी भाजी. आम्हाला भाऊ नाही. घड पिकायला आला की वटवाघळं यायची आणि आमच्या बाबांच्या हातात त्यांची ठासणीची बंदूक यायची. बाबांची नजर कमी झाली तशी त्यांनी आम्हा दोघींना नेम शिकवायला घेतलं. मी चाप ओढताना दोन्ही डोळे मिटून घ्यायची. बाबा म्हणाले, “थेरेसा, तू कोयताच धर बाय.” सेलिनने पहिल्याच दिवशी वटवाघूळ पाडलं आणि वर बाबांनाच विचारलं, “तुम्हाला इतकी वर्षं का जमत नव्हतं?”

ती शिकली, मास्तरीण झाली, पोरांना गणित शिकवू लागली. स्वातंत्र्यानंतर आमच्याकडे रायफल क्लब निघाला. विरारचे सुभेदार सावे लढाईवरून पेन्शनीत आले होते, त्यांनी समुद्राकाठच्या सुरूच्या झाडांत मैदान केलं. मागे वाळूचा ढिगारा, पुढे लाकडी चौकटीवर लावलेला कागद, त्यावर गोल. मधल्या गोलाला दहा गुण, बाहेर जाल तसे कमी. सेलिनने नाव घातलं तेव्हा गावात कुजबुज झाली, बाईच्या खांद्यावर बंदूक बरी दिसते का म्हणून. आमची आई रविवारची मिस्सा-प्रार्थना सुटल्यावर देवळाच्या पायरीवर उभी राहून म्हणाली, “खांद्यावर पाण्याची कळशी बरी दिसते ना तुम्हाला? मग बंदूकही दिसेल. नाही दिसली तर डोळे मिटा.” भांडखोरपणा कुठून आला ते कळलं ना?

नाताळानंतर तालुक्याची स्पर्धा व्हायची. जिंकेल तो एकटा ठाण्याला जिल्ह्याच्या स्पर्धेला जायचा. बावन्न साली शेवटच्या फेरीत सेलिन आणि पाचूबंदरचा सेबेस्टियन उरले. हा सेबेस्टियन होडीवरचा गडी, दांडगा, हसरा, आणि आवाज असा की बंदरावर मासळीचा लिलाव पुकारला तर गिरीजच्या कुत्र्यांनी उठून बसावं. दोघांनी पाच-पाच गोळ्या झाडल्या. कागद काढून आणले. सेबेस्टियनच्या कागदावर पाच भोकं. सेलिनच्या कागदावर चार.

“पाचवी हुकली,” सुभेदार म्हणाले.

“हुकली नाही. मधल्याच भोकातून गेली. बघा, भोक लांबट झालंय.”

सुभेदारांनी चष्मा लावून बघितलं. माणूस सरळ होता, त्याच्यावर मी कधी वाईट बोलणार नाही. ते म्हणाले, “सेलिनबाई, नियम असा की जेवढी भोकं तेवढे गुण. लांबट भोकाला दोन गोळ्या म्हणायला लागलो, तर उद्या जो जो हुकेल तो तो म्हणेल, माझी त्याच भोकातून गेली. मी कोणाकोणाचं खरं मानू?”

“म्हणजे वाकडातिकडा मारणाऱ्याला पुरे गुण आणि एकावर एक मारणाऱ्याला शून्य? हा कुठला न्याय?”

“न्याय नाही, नियम आहे. वाळूने गोळी गिळली. पुरावा कुठून आणू?”

आणि तेवढ्यात हा सेबेस्टियन ओरडला, “टीचर भुताची गोली झाडतात रे! भोक पाडीत नाय!”

झालं! सगळं मैदान हसलं. सेबेस्टियन ठाण्याला गेला आणि माझ्या बहिणीला नाव पडलं, भूतगोळी टीचर. शाळेतली पोरं फळ्यामागे लपून म्हणायची. बाजारात बायजा कोळीण पापलेटाचा वाटा पुढे करून म्हणायची, “पाच सांगितलंव नि चारच दिसतान? अगो बाय, पाचवा चौथ्याच्या पोटात गेला!” हरल्याचं दुःख सेलिनला नव्हतं हो. हरणं तिला पचलं असतं. पण गणित शिकवणारी बाई खोटं बोलते, हे सगळ्या वसईने हसत हसत मान्य करून टाकलं होतं. ते तिला जेवू देत नव्हतं.

ती सुभेदारांच्या घरी विरारला गेली. मीही गेले, सोबतीला. ती इतकं बोलली की सुभेदारांचा चहा गार झाला. शेवटी ते म्हणाले, “असा नियम आणा, की खऱ्याला गुण मिळतील आणि खोट्याला मिळणार नाहीत. त्या दिवशी मी जुना नियम फाडतो.”

मग काय, घरात दुसरा विषय नाही. गोळ्या मोजायला कागदाच्या बाजूला खड्ड्यात माणूस बसवावा, तर खड्ड्यात जीव धोक्यात घालून बसणार कोण? मागे दुसरा कागद लावावा, तर एकामागून एक आलेल्या गोळ्या त्यातूनही एकाच वाटेने जाणार. आई वैतागून म्हणायची, “त्या गोळीचं आधी लग्न लाव आणि घराबाहेर काढ.”

आणि उत्तर सापडलं ते माझ्या कोयत्याखाली. ऐका. केळीचा घड उतरवला की खांब तोडून आम्ही डुकरांना चिरून घालायचो. त्या दिवशी चिरताना कोयता खट्टकन अडला. बघते तर बंदुकीचे छर्रे! वटवाघळावर झाडलेले, खांबात जाऊन बसलेले. मी शिव्या घालायला तोंड उघडलं, धार बोथट झाली म्हणून, तर सेलिन पळत आली, तो चिखलासारखा गर बोटांनी उकरला आणि छर्रे मोजायला लागली. मग माझ्या गळ्यात पडली. हात चिकाने भरलेले तसेच! माझ्या लुगड्यावरचा तो मेला डाग कधीच गेला नाही. केळीचा चीक, तुम्हाला सांगायला नको.

युक्ती साधी होती. कागदाच्या मागे, बरोबर मधोमध, केळीचे जाडजूड खांब एकामागे एक उभे करायचे. खांब कागदापेक्षा अरुंद. म्हणजे जी गोळी कागदालाच लागली नाही, ती खांबात शिरणारच नाही. आणि खांबात गोळी सापडली, तर ती कागदातून आली असली पाहिजे. मग खांब चिरायचे. भोकं चार आणि गोळ्या पाच निघाल्या, तर दोन एका भोकातून गेल्या. संपलं!

सुभेदारांनी परीक्षा घेतली. सेलिनला पाठमोरं उभं केलं, स्वतः काही गोळ्या कागदावर मारल्या, काही मुद्दाम बाहेर सोडल्या, मग मला खांब चिरायला सांगितलं. दोनदा केलं. दोन्ही वेळा हिशेब चोख. त्यांनी नवा नियम लिहिला, फक्त एक अट घातली, दर वेळी कोण चिरत बसणार म्हणून. ज्याची गोळी त्याने स्वतः मागणी करायची. कागद बघितल्यावर, गुण लिहायच्या आत. गुण लिहिले की विषय बंद.

त्रेपन्नची स्पर्धा आली. आमच्याच वाडीतले खांब बैलगाडीतून मैदानावर गेले. सेबेस्टियनने ते बघितले आणि पोट धरून हसला. “माज्या कागदामागं केली कशाला बांधताव? माजं काय लगीन लागतंय? काढा ते!”

“राहू दे,” सेलिन म्हणाली. “नियम सगळ्यांना एक.”

“मला नको तुमचा नियम. मी भूतगोली मारीत नाय.”

“तुला नको असेल. नियमाला तू हवायस. बांधा रे.” आणि तिने स्वतःच्या हाताने त्याच्या चौकटीमागे खांब बांधले, सुंभाच्या दोरीने, घट्ट.

या वेळी दोन फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पुन्हा हीच दोघं सगळ्यांच्या पुढे. सेलिनचा कागद आला. पाच भोकं, सुरेख. सेबेस्टियनचा कागद आला.

चार भोकं!

सगळ्यांनी पुढे वाकून मोजली. मग पाठीमागून कुणीतरी हळूच म्हणालं, “भूतगोली,” आणि असा हशा उठला की सुरूवरचे कावळे उडाले. मी सगळ्यांत मोठ्याने हसले, का नाही हसणार? बघ म्हटलं, देव आहे! सेबेस्टियनचा चेहरा मात्र पांढरा पडला. त्याला ठाऊक होतं गोळी गेलीय ते. नेमबाजाला कळतंच. पण मागणार कोणत्या तोंडाने? सकाळीच ओरडला होता ना, मला नको तुमचा नियम! तो मान खाली घालून कागदाकडे बघत राहिला. सुभेदारांनी पेन्सिल काढली.

तिथे सेलिन नुसती गप्प बसली असती तरी जिंकली होती. गप्प बसायचं, बस! कोणी तिला दोष दिला नसता. पण गप्प बसेल ती सेलिन कसली.

“सुभेदार, थांबा. खांब तोडा.”

“मागणी त्याने करायला हवी, बाई.”

मी तिच्या दंडाला असा चिमटा काढला की ती कळवळली. “अगं शहाणे,” मी म्हटलं, “ज्याने वर्षभर वसईत तुझं हसं केलं त्याच्यासाठी?”

“त्याच्यासाठी नाही,” ती म्हणाली. “गोळी गेलीय, बाय. भोक लांबट झालंय, मला इथून दिसतंय.” आणि मग सेबेस्टियनवर अशी ओरडली, वर्गातल्या पोरावर ओरडावं तशी, “माग रे! तोंड उघड! लाज धरून बसलास तर गोळी आपल्या पायाने चालत येणार आहे का?”

त्याने मान वर केली. आवाज फुटेना त्याचा, त्या लिलाववाल्याचा! कसाबसा म्हणाला, “सुभेदार, माजे खांब चिरा.”

कोयता माझ्या हातात आला. आता मला विचारा, तेव्हा माझ्या मनात काय होतं. सगळं मैदान माझ्याभोवती गोळा झालेलं, आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, नसू दे गं माउली, पाचवी गोळी नसू दे. पण हात आपलं काम करत होता. मी पातळ चकत्या काढत गेले. एक गोळी निघाली. दुसरी. तिसरी. मागच्या खांबात कोयता पुन्हा खट्टकन अडला. मी गर बाजूला केला, तर शिशाचा एक गड्डा. सुभेदारांनी तो धोतराला पुसला आणि उजेडात धरला. दोन गोळ्या होत्या, एकीच्या पाठीत दुसरी रुतलेली, जुळ्या केळ्यासारख्या.

तो गड्डा हातोहात फिरला. बायजाने बघितला, कोळ्यांनी बघितला, वर्षभर हसलेल्या एकेकाने बघितला. एका भोकातून दोन गोळ्या जातात हे आता कोणाला सांगावं लागत नव्हतं.

सुभेदारांनी सेबेस्टियनचे गुण लिहिले. पुरे. तो सेलिनपेक्षा एका गुणाने पुढे गेला.

म्हणजे झालं काय? माझ्या बहिणीने स्वतः आणलेल्या नियमाने, स्वतः बांधलेल्या खांबांनी, स्वतःच्या तोंडाने ओरडून, प्रतिस्पर्ध्याला आपल्या पुढे बसवलं! माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागाने. मी तिला म्हटलंसुद्धा, “आता मर.” ती हसली, चटईवर पालथी झाली आणि दुसऱ्या फेरीसाठी रायफल खांद्याला लावली.

खरं सांगते, तिला इतकी मोकळी मी कधी बघितली नव्हती. वर्षभर तिच्या पाठीवर काहीतरी बसलेलं होतं, ते उतरलं होतं. समुद्रावरून वारा येत होता, ती त्याचा झोत ओसरायची वाट बघायची आणि मग चाप ओढायची. घाई नाही. कोणाला काही दाखवायचं नाही. मी या वेळी दोन्ही डोळे उघडे ठेवले.

सेबेस्टियनचा कागद आधी आला. चांगला होता, फार चांगला. एक गोळी तेवढी वाऱ्याने पार कडेच्या गोलात नेलेली. मग सेलिनचा. सुभेदार चष्मा न लावताच हसायला लागले. पाचही भोकं मधल्या गोलात, आणि सगळी वेगवेगळी. मला कोयता उचलायचं कामच पडलं नाही. सगळी बेरीज होऊन सेलिन तुस्कानो तालुक्यात पहिली आली होती, कोणाच्या एका गुणावर पाय न देता.

गिरीजच्या लोकांनी काय आरोळी ठोकली म्हणता! आमचे बाबा, ज्यांना कागद दिसतही नव्हता, ते शेजाऱ्याला धरून नाचत होते. आणि त्या गलक्यात सेबेस्टियन वाळूच्या ढिगाऱ्यावर चढला. मला वाटलं, आता हा काय नवीन काढतो. त्याने दोन्ही हात वर केले आणि बंदरावरचा तो आवाज लावला.

“ऐका रे समदे! गिरीजवाले ऐका, पाचूबंदरवाले ऐका! गेल्या साली टीचरची पाचवी गोली भोकातूनच गेली व्हती. ठाण्याला जायचा मान तिचा व्हता, मी खाल्ला. आज माज्या तोंडानं सांगतंय. कोनी पुन्ना हसला, तर त्याची नि माजी गाठ हाय!”

सगळे सेलिनकडे बघायला लागले. आता ही रडणार, असं मला वाटलं, कारण मी रडत होते.

सेलिनने रायफल सुभेदारांच्या हातात दिली, लुगड्याला लागलेली वाळू झटकली आणि ढिगाऱ्याकडे बघून म्हणाली, “मला ठाऊकच होतं रे. वर्ष लागलं ते तुम्हाला.”