भारद्वाजाला हात जोडले तेव्हा

किड्यांचे व्हिडिओ काढायला वांगणीला जाते म्हटल्यावर नवरा म्हणाला, "एवढा महागाचा मिररलेस कॅमेरा घेऊन? घरातली झुरळं काय वाईट आहेत?" त्याला तसंच हसत सोडलं आणि श्रावणातली उघडीप साधून उल्हासनगरहून स्कूटर काढली.

कोपऱ्यावरच्या गाडीवर दाल-पकवान खाल्लं. सिंधी काकांनी ट्रायपॉड पाहून विचारलं, "शादी का ऑर्डर है?"

"नहीं अंकल, चींटी का."

त्यांनी चटणी जरा जास्तच वाढली. दया आली असावी.

अंबरनाथपर्यंत खड्ड्यांनी पाठीची वाट लावली. तुम्ही जाणार असाल तर कॅमेरा टॉवेलात गुंडाळून न्या. बदलापूर मागे पडलं की मात्र दोन्हीकडे हिरवंगार आणि रस्ता सुसह्य.

वांगणीत मैत्रिणीची मावशी भेंडी-काकडी लावते. तिच्या बांधावर दोन तासांत मला नाकतोडे, ढालकिडे आणि माशी धरून बसलेला खंडोबाचा किडा, म्हणजे मँटिस, मिळाला. मॅक्रो लेन्समधून त्याचे जबडे हलताना दिसत होते. मी हवेतच होते.

मग सागाच्या रोपावर शिंपी पक्ष्याचं घरटं दिसलं. दोन पानं शिवलेली, आत तीन पिल्लं. समोर एक मोठं पान आडवं येत होतं. मी ते बाजूला ओढून कपड्याच्या चिमट्याने फांदीला अडकवलं. आम्ही सगळेच हौशी लोक असं करतो, फ्रेम स्वच्छ मिळते.

"अगो, तो पाला नको सारूस," मावशी म्हणाली. "त्यांचं दार हाय ते."

"दहाच मिनिटं, मावशी."

कॅमेरा चालू करून आम्ही थोडं लांब जाऊन बसलो. शिंपीण जोरजोरात ओरडत होती. मला वाटलं, वा, आवाजही छान येतोय. तेवढ्यात कुंपणावर भारद्वाज उतरला. तांबूस पंख, लाल डोळे.

"भारद्वाज! आज तुझा दिवस चांगला," मावशी म्हणाली. दोघींनीही हात जोडले. लहानपणापासून हेच शिकलोय, भारद्वाज दिसला की काम होतं.

तो ऐटीत सागापर्यंत चालत गेला, वर चढला आणि उघड्या घरट्यात चोच घातली.

मला काही क्षण कळलंच नाही. हात जोडलेलेच होते. मावशी ओरडत धावली, मग मी धावले. तो उडाला तेव्हा घरट्यात एकच पिल्लू उरलं होतं. चिमटा मावशीनेच काढला. पान जागेवर आलं. आम्ही पार मागे, विहिरीपाशी जाऊन बसलो. बऱ्याच वेळाने शिंपीण चोचीत अळी घेऊन आत गेली, तेव्हा मला रडू फुटलं.

"खातो त्याला पाप नाय," मावशी एवढंच म्हणाली. पुढचं बोलली नाही. मला ते ऐकू आलं.

भारद्वाज पिल्लं खातो हे पुस्तकात वाचलेलं होतं. तरी मी हात जोडले. तुम्हाला घरटं दिसलं तर एकही पान हलवू नका, व्हिडिओ नाही मिळाला तरी चालेल.

घरी येऊन ती क्लिप लावली. चित्र अप्रतिम आलंय. शिंपीण ओरडतेय, भारद्वाज सागाखाली थबकलाय आणि मागून माझा लाडिक आवाज येतोय, "ये ना रे, अजून थोडा जवळ ये."