ओव्याचा धूर

शेकवालीनं कोणा बाईला "जेवलीस का?" असं कधी विचारलं नाही. ती विचारायची, "बसून जेवली का उभ्यानं?" रस्त्यात, विहिरीवर, अगदी तेराव्याच्या घरातसुद्धा. समोरच्या बाईच्या डोक्यावर भरलेला हंडा असला तरी तिला थांबवून विचारायची. बाई हसून म्हणायची, "जेवली ना मामी, बसूनच जेवली." मग शेकवाली तिचा पदर चिमटीत धरायची. "खोटं बोलून राह्यली. बसून जेवलेल्या बाईच्या पदराले भाकरीचा चुरा नसते व. चालता चालता खाल्ली तू." बाईचं हसू तिथंच विझायचं.

आमच्या देऊळघाटात बाळंतिणीला तेल लावणं, ऊन पाण्यानं न्हाऊ घालणं आणि शेक देणं हे तिचं काम. खापरात निखारे घ्यायचे, त्यावर ओवा आणि बाळंतशेपा टाकायच्या, आणि तो धूर बाळंतिणीच्या पाठीला, कमरेला द्यायचा. गावात हा वास ज्या घराच्या छपरावरच्या कवेलूंतून बाहेर पडे, त्या घरात मूल झालं, हे कोणाला सांगावं लागत नसे. गूळ वाटायच्या आधी धूर पोचायचा.

तिला लोक मायाळू म्हणत नसत, आणि ती नव्हतीही. बाईला तेल लावत असताना एखादं लेकरू मांडीवर चढायला आलं, तर ती त्याला कोपरानं बाजूला सारायची. "माय मेली नाही तुही, बसली आहे. बसू दे." ते लेकरू भोकाड पसरायचं, सासू बाहेरून ओरडायची, आणि शेकवाली शांतपणे पाठ चोळत राहायची. आज जे लोक मातेच्या मायेवर कविता वाचतात, त्यांच्यातल्या एकानंही कोणा आईसाठी त्या कोपराएवढं काम केलेलं मला माहीत नाही.

तिचं खरं भांडण सव्वा महिन्याशी होतं. "सव्वा महिना बाईचं अंग बाईचं असते," ती म्हणायची. "मंग घराचं होते. पोरगी झाली असली त तेवढाही नाही." बाळंतपणाचं तेल संपलं की त्या अंगाला पुन्हा तेल लागायचं ते पुढच्या बाळंतपणातच. मधली सगळी वर्षं निंदणाची, दळणाची, पाण्याची, शेणाची. हे सगळ्या गावाला पटलेलं होतं. शेकवालीला पटलेलं नव्हतं. कामं नसलेल्या दुपारी ती जुन्या बाळंतिणींच्या घरात शिरायची. चार लेकरं झालेल्या बाईला चुलीपाशी पाट द्यायची आणि तिचे पाय ऊन पाण्याच्या घमेल्यात ठेवायला लावायची. पाणी कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "नुसतं बस म्हटलं त बाई बसत नाही. पाय ओले असले म्हंजे बसते. उठली त सारवलेल्या भुईवर पावलं उमटतात, अन् सासू बोंबलते. सासूच्या भेवानं का होईना, टेकते बिचारी."

चुलीपाशी तिची जीभ निखाऱ्यापेक्षा तापायची. एकदा शेजारची सून भाकरी करत होती. शेकवालीनं विचारलं, "पहिली भाकर कोणाची व?"

"गाईची, मामी."

"बरोबर. दुसरी?"

"घरच्यायची."

"अन् तू कोणाच्या घरची?"

सुनेनं तव्यावरची भाकरी उलटली. आतून सासू आली. "माह्या सुनेले बिघडवून राह्यली हे बुढी!"

"तू तिले आधीच मोडून ठेवलं," शेकवाली म्हणाली. "म्या काय बिघडवू?" आणि तव्यावरची भाकरी उचलून तिनं सुनेच्या हातात दिली. त्या घराचं दार तिला वर्षभर बंद होतं. पुढल्या बाळंतपणात मात्र त्याच सासूनं तिला बोलावणं पाठवलं. गरज असली की गावाला माणूस आठवतो.

आता तो प्रसंग सांगते. त्यासाठीच लिहायला बसले आहे.

मी शाळेत असतानाच माझे वडील वारले. मायनं गावाबाहेरच्या तुकड्यात वांगी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, लावली. पहाटे टोपली डोक्यावर घेऊन ती बुलढाण्याच्या बाजारात जायची, आली की वाफ्यात वाकायची. एके दिवशी वाकली ती सरळच होईना. मी आणि धाकट्या भावानं तिला धरून घरी आणलं. न बोलावता शेकवाली आली. मायच्या कमरेवर हात ठेवला आणि म्हणाली, "पाठ धरली. खापर आण."

"नको मामी," माय म्हणाली, "लोक काय म्हणतीन?"

"लोकायची पाठ नाही दुखत," म्हणत शेकवालीनं ओवा निखाऱ्यावर टाकला.

धूर कवेलूंतून बाहेर गेला आणि पुढचं काम गावानं केलं. विधवेच्या घरातून ओव्याचा धूर! धूर निघाला म्हणजे बाळंतपण झालं, बाई विधवा आहे म्हणजे मूल पुरलं. एवढी सगळी कथा संध्याकाळच्या चुली पेटायच्या आत तयार झाली. कोणी आत येऊन पाहिलं नाही. पाहायला उंबरा ओलांडावा लागतो, बोलायला काहीच लागत नाही. दुसऱ्या दिवशी विहिरीवर एकीनं मायला विचारलं, "पाळणा कुठी बांधला व?" आणि बाकीच्या हसल्या. त्यांच्यातल्या निम्म्यांच्या पाठी शेकवालीनंच शेकलेल्या होत्या.

वडिलांचे चुलतभाऊ, आमचे काका, पंचायतीत नुकतेच निवडून आले होते. नवं राज्य झाल्याच्या आनंदाची सभा गावात झाली, तेव्हा मातेच्या त्यागावर बोलताना त्यांचा गळा भरून आला होता. त्या वेळी काकू मागच्या दारी सभेच्या चहासाठी ओली लाकडं फुंकत होती, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. हेच काका आमच्या दारात उभे राहिले. आत आले नाहीत. "शनिवारी मारुतीपुढं ये," ते मायला म्हणाले, "अन् हात ठेवून शपथ घे, शेक घेतला नाही म्हणून. नाही त लेकरायले घे अन् माहेरी जाय. घर आमच्या कुळाचं आहे."

मायला माहेरी कोणी उरलं नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं.

शुक्रवारी शेकवाली आली तेव्हा माय वांगी तोडत होती. "मी शपथ घेतो, मामी," माय म्हणाली. "घर गेलं त लेकरं घेऊन कुठी जाऊ?"

"घे. काय म्हणशील?"

"म्हणतो, शेक घेतला नाही."

"खोटी शपथ झाली."

"मंग म्हणतो, चूक झाली, परत नाही घेणार."

"कोणाची चूक?" शेकवालीनं विचारलं. "पाठीची?"

दोघींनी मिळून टोपली भरली.

शनिवारी पारावर माणसं जमली. बायका लांब, लिंबाखाली. काका मध्ये उभे राहून म्हणाले, "बोल, वहिनी." त्या दिवशी 'वहिनी' म्हणायचं त्यांना सुचलं, याचा राग मला अजून आहे. माय पुढे होणार तेवढ्यात शेकवाली मध्ये आली.

"तिले काऊन विचारता? शेक म्या देला. मले विचारा."

"शेक बाळंतिणीले असते," काका म्हणाले.

"कोणी सांगलं? ज्याची पाठ धरली त्याले शेक असते. तुह्या बैलाले नाही का देत? तो कवा बाळंत झाला?"

पारावर हसू फुटलं. काका लाल झाले. "ते जनावर आहे. विधवा बाईले तेल-शेक काऊन लागते, ते सांग."

"काऊन?" शेकवालीचा आवाज चढला. "नवरा मेला तिचा. पाठ नाही मेली! तिच्या पाठीवर तुह्या भावाची दोन लेकरं जगून राह्यली. तू देतं का त्यायले वांगे तोडून? जलमला तवा तुले म्याच पहिलं न्हाऊ घातलं होतं बे. तवाही काही समजत नसताना असाच बोंबलत होता."

पुन्हा सगळे हसले. या वेळी लिंबाखालच्या बायकाही पदरात हसल्या. त्या हसण्यानं आम्हाला वाचवलं, न्यायानं नाही. आमच्या गावात समोरचा खरा आहे म्हणून कोणी मागे सरत नाही, आपलं हसं होईल म्हणून सरतो.

काका तरीही म्हणाले, "ते राहू दे. वहिनीनं शपथ घ्यावी."

माय पुढे झाली. तिनं मारुतीच्या पायावर हात ठेवला नाही. पदर सारखा केला आणि म्हणाली, "शेक घेतला. बरं वाटलं. दुखलं त परत घेतो." एवढं बोलून ती घराकडे वळली. तोवरच्या माझ्या आयुष्यात मायनं गावासमोर इतकं मोठं वाक्य बोललेलं मी ऐकलं नव्हतं. आम्ही तिच्या मागून चालत राहिलो, आणि कोणी अडवलं नाही.

आमचं घर राहिलं. किंमत शेकवालीनं दिली. काका आणि त्यांच्या बैठकीतल्या घरांनी तिला बोलावणं बंद केलं. त्यांच्या सुना बाळंत झाल्या, तेव्हा कोणा नवशिक्या बाईनं त्यांना तेल लावलं, पण शेकवालीला उंबऱ्यात येऊ दिलं नाही. आणि या सुना? या सुना गप्प राहिल्या. घरातल्या पुरुषाचा रुसवा आपल्या दुखऱ्या अंगापेक्षा मोठा मानायचं शिक्षण त्यांना फार लहानपणी मिळालं होतं. मी त्यांना दोष देत नाही, असं लिहिणं शोभून दिसेल. मी देते.

काम नाही, तर खाणार काय? बहिणीच्या मुलाचा संग्रामपूरहून राहायला ये असा निरोप आला, तेव्हा शेकवाली निघाली. त्याआधीच्या दुपारी तिनं मायचे हात आपल्या हातात घेऊन तेल कसं जिरवायचं, कमरेच्या कोणत्या हाडाच्या खाली अंगठा दाबायचा, धूर किती लांब धरायचा, हे सगळं शिकवलं. शिकवताना शिव्याही दिल्या. "हात आहे का लाकूड? पाठ आहे ते, भांडं घासून राह्यली का?"

बुलढाण्याच्या स्टँडवर तिला पोचवायला आम्ही दोघीच होतो. अर्ध्या गावाला जिनं पहिलं न्हाऊ घातलं, तिच्यासाठी गावातून कोणी आलं नाही. मोटार सुरू झाली तशी माय रडायला लागली. शेकवालीनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "रडून काऊन राह्यली? रडाले वेळ आहे त घरी जाय अन् पाय पसरून बस!" शेजारचा प्रवासी दचकला. मोटार धूळ उडवत गेली. दोन उन्हाळ्यांनी ती तिकडेच वारल्याचं कळलं. कळवणाऱ्यानं तिला काय झालं होतं ते सांगितलं नाही. अशा बायकांना काय झालं, ते कोणी विचारत नाही.

त्यानंतर माय दुपारी बसायला लागली. रोज नाही, पण बसायची. गल्लीतल्या एक-दोघी शेक घ्यायला मागच्या वाटेनं यायला लागल्या. मग एका दुपारी दारात काकू उभी. कंबर हातानं धरलेली, तोंड उतरलेलं. हीच काकू विहिरीवर पाळण्याच्या गोष्टीला हसली होती. मी दार अडवून उभी राहिले. माय आतून म्हणाली, "सरक, बाई उभी आहे."

काकू आत आली. पाटावर बसली आणि हळूच म्हणाली, "दार लोटू का? धूर बाहेर जाईन."

"काऊन?" माय म्हणाली. "चोरी करून राह्यलो का?"

दार उघडंच राहिलं. काकूला मी माफ केलेलं नाही, काकांना तर नाहीच. निखारे मात्र मीच आणून दिले.